चुळीचे पाणी आणि खात्यातले पैसे

रमजानमधली दुपार कलू लागली की रोजा खऱ्या अर्थाने जाणवू लागतो. पहाटे सहरीला प्यायलेले पाणी केव्हाच जिरलेले असते, जीभ टाळूला चिकटू लागते आणि इफ्तारला अजून दीड-दोन तास बाकी असतात. अशा वेळी रोजेदार असरच्या नमाजसाठी मशिदीतल्या नळावर वजू करायला बसतो. हात धुतो, ओंजळीत पाणी घेतो, चूळ भरतो. थंडगार पाणी तोंडात असते. त्यातला एक घोट घशाखाली गेला तर शेजारच्या नळावर बसलेल्यालाही कळणार नाही. तरीही तो ते पाणी थुंकून टाकतो.

रोजा ही अशी इबादत आहे की तिला दुसरा साक्षीदार नसतो. नमाज चारचौघांत दिसते. जकात देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला ठाऊक असतो. हजला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला अख्खा मोहल्ला गोळा होतो. रोजा मात्र माणूस आणि त्याचा अल्लाह यांच्यातच राहतो. कुणी पाहत नसताना हक्काच्या पाण्यापासूनही स्वतःला रोखायचे, याचीच ही महिनाभराची तालीम.

आता समजा, वजू करून उठलेल्या या माणसाच्या खिशातला मोबाइल वाजला. बँकेचा संदेश आहे : आपल्या खात्यात ४० हजार रुपये जमा. हा माणूस शिंपी आहे. ईदचा हंगाम असल्याने रात्री तरावीहनंतरही त्याची मशीन चालूच असते. गावातल्या लोकांचे नवे कपडे तो शिवतो. स्वतःच्या मुलांसाठी कापड घ्यायचे मात्र अजून राहिलेच आहे. दुकानाचे दोन महिन्यांचे भाडे थकले आहे. कुणाकडून ४० हजार येणे असल्याचे त्याला आठवत नाही. संदेश त्याच्याखेरीज कुणी पाहिलेला नाही. तोंडातले पाणी थुंकणे त्याला जमले. हे पैसे थुंकता येतील?

दुकानात परतल्यावर मित्राला सांगितले तर तो एका शब्दात निकाल देईल : ‘‘अरे भाई, रमजानची बरकत आहे ही! गपचूप ठेव.’’ घरी आईला सांगितले तर ती विचारेल : ‘‘कुणाचे आहेत बेटा? ज्याचे असतील तो शोधत असेल ना!’’ या दोन वाक्यांत हा सगळा प्रश्न सामावलेला आहे.

घडून गेलेल्या गोष्टी

असे प्रसंग केवळ कल्पनेतले नाहीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात अचानक १५ लाख रुपये जमा झाले. सरकारनेच ते पाठवले, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यातल्या सुमारे ९ लाखांतून त्यांनी घर बांधले. काही महिन्यांनी बँकेचे पत्र आले. ती रक्कम एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांसाठीची होती, चुकून त्यांच्या खात्यात गेली होती. त्याच वर्षी बिहारमधील खगडिया जिल्ह्यात एकाच्या खात्यात साडेपाच लाख रुपये आले. तोही सरकारचेच पैसे समजून बसला. बँकेने परत मागितल्यावर त्याने ते देण्यास नकार दिला आणि प्रकरण अटकेपर्यंत गेले.

या बातम्या वाचून लोक हसले. पण पैठणच्या प्रकरणातली एक बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ते १५ लाख ‘बँकेचे’ नव्हते. ते एका गावाचे होते. ग्रामपंचायतीचा निधी म्हणजे कुठल्या तरी वस्तीतली गटार, अंगणवाडीचे छप्पर, पाण्याची टाकी. एका माणसाच्या भाबड्या समजुतीने, तिकडे बसलेल्या दुसऱ्या एका गावाचे काम अडून राहू शकते, हे पासबुकावरच्या आकड्यात दिसत नाही.

बँकेची चूक म्हटली की मनासमोर संगमरवरी फरशीचे मुख्य कार्यालय येते. त्या अवाढव्य इमारतीला आपल्या ४० हजारांनी काय फरक पडणार, असे वाटते. प्रत्यक्षात चुकीची किंमत बहुतेक वेळा कुणातरी एकाच माणसाला मोजावी लागते. शाखेतला कॅशियर घ्या. दोनशेच्या शंभर नोटांच्या बंडलाऐवजी पाचशेचे बंडल खिडकीतून बाहेर गेले, तर ३० हजारांचा फरक पडतो. संध्याकाळी रोकड जुळवताना तूट दिसते आणि ती सहसा त्या कॅशियरलाच भरावी लागते. त्याचा पगार काही संगमरवरी नसतो. मोबाइलवरून पैसे पाठवताना एखादा आकडा चुकवणारी तर कदाचित दवाखान्याचे बिल भरायला निघालेली कुणाची बहीण असते.

रोजाच्या आयतींनंतरची आयत

रोजाचे नियम कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, एकत्र आले आहेत. १८३ ते १८७ या आयतींमध्ये रोजा कुणावर फर्ज आहे, आजारी आणि प्रवासी यांना कोणती सवलत आहे, रमजानचे महत्त्व काय, पहाटे खाणेपिणे केव्हा थांबवायचे, हे सारे येते. रमजानमध्ये या आयती मशिदीमशिदीतून वाचल्या आणि समजावल्या जातात. त्यांच्या लगेच पुढची, १८८ वी आयत मात्र इफ्तारच्या बयानांमध्ये तितकी ऐकू येत नाही. तिचा विषय खाण्याचाच आहे, पण वेगळ्या खाण्याचा. एकमेकांची मालमत्ता गैरमार्गाने खाऊ नका आणि लोकांच्या मालाचा वाटा गिळण्यासाठी ती हाकिमांपर्यंत नेऊ नका, असा तिचा आशय आहे.

हा क्रम अनेक भाष्यकारांना महत्त्वाचा वाटला आहे. आधी स्वतःची भाकरी, स्वतःचे पाणी दिवसभर दूर ठेवण्याची आज्ञा. आणि पाठोपाठ दुसऱ्याची भाकरी कायमची दूर ठेवण्याची. जे हलाल आहे त्यापासून जो चौदा तास दूर राहू शकतो, त्याला जे हलालच नाही त्यापासून दूर राहणे जड का जावे? पहिली आज्ञा महिनाभरासाठी आहे, दुसरी बाराही महिन्यांची आहे. मगरिबच्या अजानने पहिली सुटते, दुसरी सुटत नाही.

पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस ‘मुफलिस’ म्हणजे कंगाल माणसाविषयी आहे. त्यांनी सोबत्यांना विचारले की कंगाल कोण. सोबत्यांनी साधे उत्तर दिले : ज्याच्याजवळ पैसा-अडका नाही तो. पैगंबरांनी सांगितले की खरा कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजा, जकात अशी भरलेली शिदोरी घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. मग ते सारे हक्कदार येऊन त्याची पुण्याई वाटून नेतील. रोजे पूर्ण ठेवूनही रिकाम्या हाताने उभा राहिलेला हा माणूस रमजानमध्ये विशेष आठवण्याजोगा आहे.

सापडलेले की सोपवलेले?

‘‘मी कुठे चोरले? आपोआप आले.’’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. इस्लामी फिकह म्हणजे धर्मशास्त्रात, सापडलेल्या वस्तूचे वेगळे प्रकरणच आहे. तिला ‘लुकता’ म्हणतात. वाटेत थैली सापडली तर तिचे वर्णन, तिला बांधलेली दोरीसुद्धा, लक्षात ठेवावी आणि वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी, असे हदीसमध्ये सांगितले आहे. वर्षात कुणी आले नाही तर ती वापरता येते. मात्र पुढे कधी मालक आला तर त्याला ती भरून द्यावी लागते. थैलीची दोरी लक्षात ठेवायची, ती खरा मालक ओळखता यावा म्हणून. किरकोळ वस्तूंना एवढा खटाटोप लागत नाही. कुणी शोधत येणार नाही अशा एखाद्या खजुराला वर्षभर दवंडी पिटावी लागत नाही.

गंमत म्हणजे भारताच्या दंड संहितेची रचनाही याच वळणाने गेली होती. १८६० च्या त्या कायद्यात दुसऱ्याच्या मालाचा अपहार समजावताना उदाहरणे दिलेली होती. रस्त्यावर पडलेला रुपया मालक ठाऊक नसताना उचलला तर तो गुन्हा नाही. पण ज्याच्या नावाचा ठावठिकाणा लागू शकतो त्याचा माल ठेवून घेतला तर तो गुन्हा.

बँकेच्या चुकीने आलेले पैसे मग कोणत्या खान्यात बसतात? ते रस्त्यावरच्या रुपयासारखे नाहीत. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, तारीख असते, पाठवणारे खाते असते. शाखेत जाऊन विचारले तर मालक सापडतो. म्हणजे हा लुकता नाही. मालक ठाऊक आहे आणि माल आपल्या हाती आहे, अशा स्थितीला इस्लाममध्ये एकच नाव आहे, ते म्हणजे अमानत. ती कुणी मुद्दाम सोपवली की चुकून येऊन पडली, याने परतफेडीचे कर्तव्य बदलत नाही. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांना पोचवण्याचा आदेश आहे. या आयतीशी परंपरेने एक प्रसंग जोडला जातो. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली पैगंबरांच्या हाती आली. ती आपल्याच घराण्यात राहावी असे काहींना वाटत होते. पैगंबरांनी ती आधीच्या किल्लीदाराला, उस्मान बिन तल्हा यांना परत दिली. आजही काबाची किल्ली त्याच बनी शैबा घराण्याकडे आहे.

बौद्ध पंचशीलातले दुसरे शील हाच मुद्दा फार नेमक्या ठिकाणी पकडते. जे दिलेले नाही ते न घेण्याचा तो संकल्प आहे. चुकून आलेले पैसे खात्यात ‘आलेले’ असतात, ‘दिलेले’ नसतात. जैनांचे अचौर्य व्रत आणि ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र याच दिशेने बोट दाखवतात. शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांची प्रार्थनेची भाषा वेगळी असेल. परक्या पैशाबद्दलची त्यांची शिकवण मात्र एकच आहे.

‘बँक व्याज खाते, मग तिचे का परत करायचे?’

मुस्लिम वस्तीत आणखी एक युक्तिवाद चालतो. बँक व्याजावर चालते, व्याज हराम आहे, मग तिचा पैसा परत करण्याची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर हिजरतच्या रात्रीत आहे. इ.स. ६२२. मक्केतल्या विरोधकांनी पैगंबरांच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता. ते मदिनेकडे निघणार होते. पण त्याच मक्केतल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेल्या होत्या. त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. घर सोडायला लावणाऱ्या शहराचा पैसाही त्यांनी अमानतच मानला. ठेव ठेवणाऱ्याचा धर्म, वागणूक किंवा वैर यांपैकी कशानेही ती ठेव आपली होत नाही.

दुसरी गल्लत व्याजाच्या रकमेवरून होते. बचत खात्यावर आपोआप जमा होणारे व्याज स्वतः न वापरता, सवाबची म्हणजे पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावे, असा सल्ला अनेक उलेमा देतात. त्यावरून काहींना वाटते की चुकून आलेले ४० हजारही मदरशाला किंवा एखाद्या विधवेला दिले की मोकळे झालो. तसे होत नाही. दान हा मार्ग मालक सापडत नसेल तेव्हाचा आहे. कूफा शहरात कापडाचा व्यापार करणाऱ्या इमाम अबू हनीफांची गोष्ट सांगतात. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले. गिऱ्हाईक शोधूनही सापडेना, तेव्हा इमामांनी ती रक्कम सदका करून टाकली. आधी शोध, मग दान. मालक बँकेच्या खिडकीपलीकडे बसलेला असताना त्याच्या पैशाने पुण्य करायला निघणे म्हणजे दुसऱ्याच्या शेळीची कुर्बानी करण्यासारखे आहे.

जकातचा हिशेबही याच नियमाने चालतो. रमजानमध्ये बहुतेक लोक वर्षाच्या शिलकीवर अडीच टक्के जकात काढतात. चुकून आलेली रक्कम त्या शिलकीत धरायची नसते, कारण जकात स्वतःच्या मालावर असते. परक्याच्या पैशातून अडीच टक्के काढून उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के शुद्ध होत नाहीत.

बँक कुठे आपल्याला सोडते?

शेवटचा युक्तिवाद सगळ्या धर्मांच्या लोकांत सारखाच चालतो. किमान शिल्लक नसली तर बँक दंड कापते, हप्ता एक दिवस चुकला तर व्याज लावते. मग तिच्या चुकीचा फायदा घेतला तर बिघडले कुठे? या रागाला आधार आहे. सामान्य खातेदार चुकीच्या कपातीसाठी चपला झिजवतो आणि त्याला उत्तर मिळत नाही, हा अनुभव खोटा नाही. पण त्या रागाची जागा वेगळी आहे. बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक योजना लागू आहे. आपले वाजवी येणे मागायचा तो मार्ग आहे. चुकीने आलेल्या परक्या पैशातून परस्पर वसुली केली, तर दंड कापणारी बँक एक आणि भुर्दंड भरणारा तिसराच कुणी, असे व्हायचे.

शिवाय पैसा वर्षानुवर्षे पडून राहिला म्हणून बँकही त्याची मालक होत नाही. दहा वर्षे ज्यांना कुणी हात लावला नाही अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. ही व्यवस्था २०१४ मध्ये आली. तरीही मूळ ठेवीदार किंवा त्याचे वारस नंतर केव्हाही बँकेकडे दावा करू शकतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टल सुरू केले. आजोबांच्या विसरलेल्या ठेवीवर नातवाचा हक्क बुडत नाही, हे ज्याला न्याय्य वाटते, त्याला दुसऱ्याचा हक्क आठ दिवसांत बुडाला असे म्हणता येणार नाही.

मोठ्या लोकांचेही पाय या दगडाला अडखळले आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. संगणकावरच्या एका चुकीने जवळपास ९० कोटी डॉलर गेले. काही वित्तसंस्थांनी पैसे परत केले, काहींनी सुमारे ५० कोटी डॉलर अडवून धरले. आमचे कर्ज होतेच, ते फिटले, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. यातल्या कुणालाही घरभाडे द्यायचे नव्हते की मुलांना ईदचे कपडे घ्यायचे नव्हते. गरज नसतानाही परक्या पैशावरची मूठ उघडत नाही, हेच त्यातून दिसले.

कायदा आणि काळजी

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ७२ वे कलम सांगते की चुकीने दिलेला पैसा किंवा वस्तू घेणाऱ्याने परत केली पाहिजे. देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने घेणारा मालक होत नाही. पैसा आपला नाही हे कळल्यावरही अप्रामाणिकपणे वापरला तर तो अपहार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात त्यासाठी किमान सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड आहे. कायद्यातही कळीचा शब्द आहे ‘अप्रामाणिकपणे’. ज्याला कळलेच नाही तो गुन्हेगार नाही. कळल्यानंतर तो काय करतो, यावर सारे ठरते. इस्लाममध्ये त्याला नियत म्हणतात.

मात्र प्रामाणिकपणालाही आज सावध राहावे लागते. ‘‘भाऊ, चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, एवढे परत पाठवा ना,’’ असा रडवेला फोन करून फसवणारे पुष्कळ आहेत. कधी जमा झाल्याचा संदेशच खोटा असतो. कधी पैसे खरोखर आलेले असतात, पण ते तिसऱ्याच कुणाकडून लुबाडलेले असतात आणि परत पाठवायला सांगितलेला नंबर ठकाचा असतो. म्हणून फोनवरच्या माणसाला परस्पर पैसे पाठवू नयेत. आधी खात्याची शिल्लक स्वतः तपासावी, संदेशावर विसंबू नये. मग आपल्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. त्यात रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहावा. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. बँकेमार्फतच रक्कम मूळ खात्याकडे जाऊ द्यावी. फसवणुकीचा संशय आला तर १९३० या क्रमांकावर कळवावे. अमानत योग्य हाती पोचवणे हाही अमानतीचाच भाग आहे. थैलीची दोरी ओळखायला सांगितली होती ती याचसाठी.

पैसे पाठवणाऱ्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. बँकेतून बँकेत एनईएफटीने जाणारे पैसे वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांकावरून जमा होत आले; नाव जुळते की नाही हे पाठवणाऱ्याला दिसत नसे. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने, पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगितले. नाव दिसत असेल तर ते वाचूनच बोट दाबावे. आपली घाई दुसऱ्याच्या इमानाची परीक्षा होऊ नये.

आणि पैसे अजाणता खर्च होऊन गेले असतील तर? फिकहच्या दृष्टीने अजाणतेपणाचा गुन्हा लागत नाही, पण परतफेड राहतेच. इथे दुसऱ्या बाजूचेही कर्तव्य सुरू होते. सूरह बकराच्याच २८० व्या आयतीत अडचणीतल्या देणेकऱ्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी आणि माफ करणे तर त्याहून चांगले, असे सांगितले आहे. बँकेची चूक महिनोन्‌महिने बँकेलाच कळली नाही आणि मग एका दिवसात सगळी रक्कम भरा म्हणून एखाद्या शेतमजुराच्या दारात गाडी उभी राहिली, तर तोही न्याय नव्हे. लेखी अर्ज करून हप्ते मागण्यात कमीपणा नाही. आणि हप्ते देण्यात बँकेचेही काही बुडत नाही.

गुहेतला तिसरा माणूस

हदीसच्या ग्रंथांत तीन प्रवाशांची गोष्ट आहे. पावसात ते गुहेत शिरले आणि दरड कोसळून तोंड बंद झाले. प्रत्येकाने आपले एक निर्मळ कृत्य आठवून अल्लाहकडे सुटकेची याचना केली. तिसऱ्याचे कृत्य असे होते : त्याच्याकडचा एक मजूर मजुरी न घेताच निघून गेला होता. याने ती मजुरी कामाला लावली, ती वाढत गेली, त्यातून गुरेढोरे झाली. पुष्कळ दिवसांनी मजूर आला आणि आपले थोडेसे येणे मागू लागला. हा म्हणाला, समोर दिसते ती सारी जनावरे तुझीच. मजुराला थट्टा वाटली. पण याने खरोखरच सारे त्याच्या हवाली केले. गोष्टीत त्यानंतर शिळा पूर्ण सरकते.

मजुराला किती मिळायला हवे होते याची नोंद कुठेही नव्हती. पहिली मजुरी हातावर ठेवली असती तरी तो दुवा देत गेला असता. रोजासारखेच इथेही साक्षीदार नव्हता.

आपल्या शिंप्याच्या बाबतीत शिळा सरकणार नाही. दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला, तर आधी रांगेत उभा राहील. ‘‘साहेब, माझ्या खात्यात कुणाचे तरी पैसे आलेत,’’ असे म्हटल्यावर खिडकीपलीकडचा माणूस क्षणभर त्याच्याकडे नुसता पाहील, कारण सकाळपासून आलेले सगळे जण आपले पैसे कमी झाल्याचे सांगत होते. अर्ज लिहावा लागेल, शिक्क्यासाठी थांबावे लागेल. ऐन हंगामातला अर्धा दिवस जाईल आणि दोन कुर्ते शिवायचे राहतील. दुकानाचे भाडे थकलेलेच राहील. शाबासकी मिळेलच असे नाही. त्याच्या मित्राला तर तो वेडाच वाटेल.

पण कुठल्या तरी शाखेत एका कॅशियरची रोकड जुळेल, किंवा एखाद्या बहिणीच्या घरी दवाखान्याचे बिल भरले जाईल. त्यांना या शिंप्याचे नाव, गाव, धर्म काहीच कळणार नाही.

संध्याकाळी मशिदीत मगरिबची अजान होईल. दस्तरखानावर खजूर, फळांच्या फोडी आणि पाण्याचे पेले मांडलेले असतील. असरला त्याने थुंकलेले पाणी ज्या नळाचे, त्याच नळाचे हे पाणी. फरक इतकाच की आता ते प्यायची वेळ झालेली आहे आणि पेला त्याच्या समोर त्याच्यासाठी ठेवलेला आहे. तो ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पेला उचलील आणि शेवटच्या घोटापर्यंत निवांत पिईल.